हँडल वळवलं की अडकतं

आमचे हे घरात महिन्याला मोजून शंभर शब्द बोलतात. त्यातले साठ ‘हं’, वीस ‘बघू’, आणि उरलेले ‘माझा चष्मा कुठंय’. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली या माणसानं. अख्ख्या शहराची बोलायची सोय केली आणि स्वतः मात्र ढिम्म. लग्नानंतर पहिलं वर्षभर मला वाटायचं, माझ्या हातून काहीतरी चुकलंय. मग यांनी मोटारसायकल घेतली, मला मागे बसवलं, आणि गल्लीचं वळण ओलांडल्याबरोबर यांचं तोंड जे सुटलं ते तळं येईपर्यंत बंद झालं नाही. ऑफिसातली भांडणं, लहानपणी पडलेला दात, माझी भाजी कुठल्या दिवशी खारट झाली होती, सगळं. तळ्याच्या बांधावर गाडी लावली, इंजिन बंद झालं, की हेही बंद.

एकदा मी विचारलंच, की बाबा रे, हा काय प्रकार आहे? तर म्हणाले, “समोर तोंड दिसलं की शब्द सापडत नाहीत. गाडीवर तू असतेस, पण दिसत नाहीस. बरं पडतं.”

मी आठ दिवस फुगून बसले होते. पण तेव्हापासून दर मंगळवारी, माझं शिवणाचं दुकान बंद असतं त्या दिवशी, आम्ही तळ्यावर जातो. छत्तीस वर्षं. स्पष्टच सांगते, माझा संसार मंगळवारी झाला. बाकीचे सहा दिवस स्वयंपाक आणि शिवण.

आणि यंदा यांचा उजवा खांदा आखडला. हात पुढे जाईना, वर जाईना. शर्टाची बटणंसुद्धा मी लावायची आणि मीच काढायची. गाडी शेडमध्ये चादर पांघरून उभी. असे सोळा मंगळवार मी घरात बसून काढले. समोर हे, मध्ये टीव्ही. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटायला लागली. हे असंच राहिलं तर उरलेलं आयुष्य आम्ही दोघं एकमेकांचा चष्मा शोधत काढणार.

खांदा हळूहळू सुटला, पण पुरता नाही. गाडीचं जुनं हँडल खाली आणि लांब, त्यावर वाकलं की कळ यायची. मग यांनीच युक्ती काढली. चार बोटं उंच आणि मागे वळलेलं हँडल आणून बसवायचं, म्हणजे हात अंगाजवळ राहतील. डॉक्टर ‘चालेल’ म्हणाले. लेक ‘चालणार नाही’ म्हणाली.

लेक कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. लहानपणी मी तिला ‘पडशील, लागेल’ असं इतक्यांदा म्हटलं की तिनं त्याचीच नोकरी धरली. घरात आली की आधी गॅसची नळी हुंगते, मग स्टूल हलवून बघते, मग आम्हाला कसे आहात विचारते.

त्या रविवारी ती आली होती. यांनी सकाळपासून खपून हँडल बसवलं होतं आणि गाडी अंगणात काढली होती. आमच्या घराची पुढची खोली म्हणजे माझं दुकान. दुकानातला तो बिनडोक्याचा, बिनहाताचा पुतळा मी दाराबाहेर उभा केला होता. त्याच्या अंगात ट्रॅफिक हवालदाराचा नवा शर्ट होता. युनिफॉर्मचा रंग उन्हात तपासलेला बरा.

यांनी किक मारली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. चार महिन्यांनी तो आवाज ऐकून माझा जीव भांड्यात पडला. यांनी गिअर टाकला, हळूच क्लच सोडला, आणि फाटकातून बाहेर पडायला हँडल डावीकडे वळवलं. वळवलं मात्र, ॲक्सिलेटरची मूठ पिळलेली नसताना गाडी आपली आपण किंचाळली आणि उधळली.

पुढचं फार पटकन झालं. गाडी पुतळ्याला भिडली, पुतळा हँडलवर चढला, आणि दोघं मिळून दहा पावलं गेले ते थेट शेजाऱ्यांच्या कुंपणात. मी धावत पोचले तेव्हा हे गाडीवर ताठ बसलेले, पुतळा यांच्या मांडीवर, आणि हवालदाराच्या रिकाम्या बाह्या यांच्या गळ्यात.

“लागलं का हो?” मी ओरडले.

“हं,” म्हणाले. म्हणजे नाही.

लेक पायरीवर चहा पीत उभी होती. तिनं कप बशीत ठेवला, अगदी मधोमध. चिडली की ती असंच करते.

“बाबा, पुढच्या रविवारी दहा वाजता मी येणार,” ती म्हणाली. “इंजिन चालू ठेवायचं. हँडल डावीकडे टोकाला, उजवीकडे टोकाला. रेस आपली आपण वाढता कामा नये, आणि मूठ सोडली की झटकन मागे आली पाहिजे. एकदा जरी अडकली, तर गाडी माझ्या ऑफिसातला तो जुन्या गाड्यांचा वेडा घेऊन जाईल. दोन वर्षं मागतोय तो.”

“बघू,” हे म्हणाले.

“बघू नाही, बाबा. मीच बघणार आहे.”

मी तोंड उघडलं तर माझ्याकडे वळली. “आई, तू मागे बसतेस. मला तुम्ही दोघंही हवे आहात. अख्खे.”

आता याच्यावर काय बोलणार? जन्म दिलेल्या पोरीनं असं म्हटल्यावर भांडता येत नाही, आणि हिच्याशी तर एरवीही भांडून कुणी जिंकलेलं नाही.

सोमवारी सकाळीच आम्ही दोघं गाडी ढकलत वैद्याकडे गेलो. वैद्य म्हणजे आमचा मेकॅनिक. गाडी आली की आधी टाकीवर हात ठेवून, डोळे मिटून, नाडी बघितल्यासारखा उभा राहतो, म्हणून सगळे त्याला वैद्य म्हणतात. आता तो स्वतःही पाटीवर तेच लिहितो.

त्यानं नाडी बघितली, हँडल इकडून तिकडं वळवलं आणि हसला. “अहो वहिनी, एवढंच होय! हँडल चार बोटं वर गेलं, पण ॲक्सिलेटरची केबल तेवढीच राहिली. मुठीपासून कार्बोरेटरपर्यंत कशीबशी पोचतेय. वळवलं की तिला ओढ बसते, म्हणजे मूठ न पिळताच पिळल्यासारखं होतं. लांब केबल टाकतो.”

टाकली. टाकून इंजिन चालू केलं आणि हँडल या टोकाचं त्या टोकाला नेलं. आवाज जराही बदलला नाही. मूठ पिळून सोडली की टप्पकन मागे. मी स्वतः तीनदा पिळून बघितली. हे गाडी सरळ रस्त्यानं सावकाश घरी घेऊन आले, आणि संध्याकाळभर शेडमध्ये तिच्याशी काहीतरी खुडबुडत बसले. मी म्हटलं बसू देत, चार महिन्यांचा विरह आहे.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. मी सकाळी लवकर आवरलं. नवी ओढणी घेतली, केस घट्ट बांधले, दुकानावर ‘आज बंद’ची पाटी लावली, आणि नव्या नवरीसारखी पायरीवर येऊन उभी राहिले. यांनी गाडी सुरू केली, मूठ पिळली, हँडल वळवलं, मूठ सोडली. मूठ मागे आलीच नाही. गाडी जागच्या जागी भोंग्यासारखी ओरडत राहिली, शेवटी यांनी चावीच फिरवली.

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

“अडकली,” हे म्हणाले.

मी घरात गेले, ओढणी काढली आणि दोन किलो कांदे चिरले. कांद्यांची काही गरज नव्हती.

बुधवारी पुन्हा वैद्य. त्यानं केबलमध्ये तेल सोडलं, मुठीचं रबर हँडलच्या टोकाला घासतंय का ते पाहिलं, स्विचच्या डबीचे स्क्रू अर्धा आटा सैल केले. मूठ लोण्यासारखी फिरायला लागली. दोन्ही टोकांना तपासली. उत्तम. हे गाडी घरी घेऊन आले, संध्याकाळभर शेडमध्ये बसले, आणि गुरुवारी सकाळी हँडल वळवलं तर पुन्हा तेच.

शुक्रवारी वैद्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. त्याच्या धंद्यावर आलं होतं ना! त्यानं कार्बोरेटर खोलला. बिचाऱ्या कार्बोरेटरचा काही दोष नव्हता, पण चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची म्हटल्यावर कुणीतरी लागतंच. पेट्रोलनं धुऊन, फुंकून, परत बसवला. गाडी एकदम गुणी बाळ. वैद्य कपाळाला हात लावून खाली बसला.

“वहिनी, एक विचारू? राग नका मानू. माझ्याकडे असते तोवर ही ठणठणीत. तुमच्याकडे गेली की आजारी. घरात काही वादबिद चालू आहेत का?”

“गाडी काय सासरी नांदायला आणलीय का मी?” मी म्हटलं. “वाद घालायला समोरचा माणूस बोलावा लागतो. तुम्ही केबलचं बघा!”

“मग रविवारपर्यंत इथंच राहू दे. तुमच्या लेकीला इथंच बोलवा.”

पण हे तयार होईनात. गाडी घरीच नेणार म्हणाले. शब्दांत नाही म्हणाले, चावी खिशात घातली आणि गाडी ढकलत चालायला लागले.

आता यांचं एक वेड सांगायला हवं, म्हणजे मी किती आंधळी ते कळेल. एक्स्चेंजमध्ये यांचं काम केबलच्या खोलीत होतं. शेकडो वायरी एकत्र घ्यायच्या, सरळ करायच्या, आणि मेण लावलेल्या काळ्या दोऱ्यानं बोटाबोटावर गाठ मारत त्यांची जाड वेणी बांधायची. कुठे फुगवटा नाही, कुठे ढील नाही. बाहेरचे पाहुणे आले की साहेब त्यांना आधी यांची खोली दाखवायचे. निवृत्त होताना लोक भेटवस्तू घेऊन घरी येतात, हे दोऱ्याची बारा रिळं घेऊन आले. तेव्हापासून आमच्या घरात एकही वायर मोकळी नाही. टीव्हीची बांधलेली, मिक्सरची बांधलेली. इस्त्रीची वायर तर अशी सुबक बांधली की इस्त्री टेबलापर्यंत पोचेना. मी काय केलं असेल? टेबल सरकवलं. कोण वाद घालणार! शिवाय तो दोरा कोटाच्या बटणांना फार चांगला, मी रोज वापरते.

म्हणूनच त्या आठवड्यात केर काढताना शेडच्या दारात काळ्या दोऱ्याचे कापलेले तुकडे सापडले, तेव्हा मला वाटलं माझेच असतील. बुधवारी सापडले, शुक्रवारी सापडले. दोन्हीदा मी स्वतःलाच बोलले, की अगं, किती पसारा करतेस.

शनिवारी दुपारी ट्रॅफिक हवालदार आला. त्याचा अपघातातला शर्ट मी धुऊन, खरचटलेला खिसा बदलून ठेवला होता. त्याला मी काही सांगितलं नाही, त्यानंही खिशाकडे निरखून पाहिलं आणि काही विचारलं नाही. शर्ट घालून आरशासमोर उभा राहिला. छान बसला होता, मी स्वतःवरच खूश झाले.

“मावशी, उभं राहिलो की झकास आहे,” तो म्हणाला. “जुन्याचंही असंच होतं. पण आता हे बघा.” आणि त्यानं भर चौकात गाडी थांबवतात तसा हात सरळ वर केला. शर्ट कमरेतून सुटून बेंबीपर्यंत वर गेला.

“लोक थांबतात,” तो खिन्नपणे म्हणाला, “पण हसत थांबतात.”

मी त्याला तसंच हात वर धरून उभं केलं आणि बगलेत बोटं घालून पाहिलं. अगदी साधी गोष्ट. मापं घेताना याचे हात खाली होते. मी कापड अंगाबरोबर बेतलं, जास्तीचं बगलेत छान आवळून टाकलं, दिसायला सुरेख. पण हात वर गेला की बाहीला कापड लागतं, ते बगलेत नसलं तर ती शर्टालाच ओढणार. “कळी घालते,” मी म्हटलं. “बगलेत एक चौकोनी तुकडा. जरा सैल राहील तिथं, पण मग खुशाल हात वर करा. उभ्या माणसाचं माप घेऊन चालत नाही हो, त्यानं हात हलवल्यावर—”

आणि मी थांबले. टाचणी तोंडातच राहिली.

“मावशी, हात खाली करू?” हवालदार म्हणाला.

“करा. नाही, शर्ट काढून ठेवा आणि बसा. आलेच मी.”

तशीच मागे शेडमध्ये गेले. हे स्टुलावर बसले होते, चष्मा नाकावर, आणि हातात मेणाचा दोरा. मी आठवडाभर त्या गाडीचं नुसतं ऐकत होते, जवळ जाऊन पाहिलं असं नव्हतंच. आता पाहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

वैद्यानं टाकलेली नवी केबल गरजेपेक्षा चांगली वीतभर लांब होती. ती वीत यांनी मोकळी सोडली असती तर आकाश कोसळलं असतं. यांनी तिचं गोल वेटोळं केलं होतं, बांगडीएवढं, आणि काळ्या दोऱ्यानं गाठींवर गाठी मारून ते हँडलखालच्या दांड्याला घट्ट आवळलं होतं. तिथून वरची केबल हँडलला बांधलेली, खालची गाडीच्या सांगाड्याला बांधलेली, दर बोटाला एक गाठ. काम इतकं देखणं होतं की क्षणभर मलाच कौतुक वाटलं.

“हे रोज बांधता?” मी विचारलं.

“हं.”

“आणि वैद्याकडे नेताना?”

“सोडतो.”

“का सोडता?”

ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी पोळी का भाजायची असं विचारलं. “दुरुस्तीला देताना बांधणी सोडून द्यायची असते,” म्हणाले. “नियम आहे. दुसऱ्या माणसाला आपल्या गाठी सोडायला लावायच्या नाहीत.”

म्हणजे दोनदा या माणसानं शिस्तीत सगळा पुरावा कापून, माझ्या केरात टाकून, गाडी वैद्यापुढे मोकळी नेली होती. आणि तीनदा घरी आणून शिस्तीत गळा आवळला होता. त्या बिचाऱ्या वैद्यानं रात्रीची झोप घालवली, कार्बोरेटरनं अंघोळ केली, मी दोन किलो कांदे चिरले! माझ्या तोंडावर काय काय आलं होतं ते लिहिण्यासारखं नाही. पण यांचा आखडलेला हात त्या गाठीवर होता. वर उचलता येत नव्हता म्हणून डाव्या हातानं उजव्याला कोपराशी आधार दिला होता. तसल्या हातानं तीन संध्याकाळी हे सगळं बांधलं होतं. माझा राग कुठल्या कुठे गेला.

मी स्टुलाशेजारी उकिडवी बसले. “अहो, हँडल वळवा जरा. डावीकडे.”

वळवलं. खालची गाठ केबलला घट्ट चावली आणि वरचं वेटोळं चपटं झालं. “आता मूठ पिळा आणि सोडा.” मूठ गेली ती तिथंच राहिली. हँडल सरळ केलं तेव्हा सावकाश, लाजत परत आली.

हे बराच वेळ बघत राहिले. पुन्हा वळवलं. पुन्हा सरळ केलं. चष्मा काढला, पुसला, घातला.

“एकतीस वर्षांत,” शेवटी म्हणाले, “माझी एक वायर जागची हलली नाही.”

“तेच म्हणतेय मी,” मी म्हटलं. “त्या वायरींनी हलायचं नव्हतंच. हिचं कामच हलायचं आहे. आत तार सरकते, वर हँडल फिरतं. तुम्ही उभ्या गाडीचं माप घेतलंत. मीही आत्ता तेच केलंय, हवालदार बनियनवर बसलाय आत.”

हे गाठींवरून अंगठा फिरवत राहिले. मला वाटलं दुखावले. त्या गाठी म्हणजे यांची सगळी नोकरी होती, आणि मी जाऊन सांगत होते की गाठच चुकली. मग यांनी हात पुढे केला, तळवा वर. मला कळेना काय हवंय.

“कात्री,” म्हणाले.

माझ्या गळ्यात दोरे कापायची छोटी कात्री सदाच असते. दिली. यांनी एकेक गाठ स्वतः कापली, वरपासून खालपर्यंत, अजिबात घाई न करता. वेटोळं सुटलं आणि केबल एकदम मोठ्या बाकात मोकळी झाली. मग मला म्हणाले, “कुठून न्यायची? तू सांग.” छत्तीस वर्षांत वायरीच्या बाबतीत यांनी मला पहिल्यांदा विचारलं. मी बाहीसारखी नेली. हँडलवरून सैल, गाडीच्या मानेच्या बाजूनं मोठं वळण घेऊन, टाकीखालून कार्बोरेटरकडे. आधी हँडल दोन्ही टोकांना फिरवून बघितलं, केबल कुठे ओढतेय, कुठे चिमटतेय, आणि मगच तिची जागा ठरवली.

फक्त एका ठिकाणी ती लोंबून चाकाकडे जाईल अशी भीती होती. तिथं दोरा लागणारच होता. यांनी हात पुढे केला, मग थांबले आणि आधी केबलखाली स्वतःची करंगळी घातली. करंगळीसकट सैल फास बांधला आणि करंगळी काढून घेतली.

“इतकी ढील?” मला विचारलं.

“इतकी,” मी म्हटलं. डोळे भरून आले होते, पण हवालदार बनियनवर बसला होता, वेळ नव्हता.

रविवारी दहाला पाच कमी असताना लेक आली. सोबत ऑफिसातला तो. स्वतःचं हेल्मेट घेऊन आला होता, आणि पिशवीत सीटचं नवं कव्हरसुद्धा. इतका आत्मविश्वास! मी त्याला चहा दिला, पण बिनसाखरेचा.

लेकीनं पॅडला कागद लावला, पेन काढलं. इंजिन चालू केलं. हँडल डावीकडे टोकाला नेलं. आवाज तसाच, संथ. मूठ पिळली, सोडली. टप्प. उजवीकडे टोकाला. पिळली, सोडली. टप्प. असं तिनं दहा वेळा केलं. मग वाकून केबलचा सगळा रस्ता बोटानं तपासला आणि त्या एका सैल फासापाशी थांबली.

“बाबा, हे तुम्ही बांधलंत?” तिच्या आवाजात आश्चर्य होतं. बाबांच्या हातची सैल गाठ तिनं जन्मात पाहिली नव्हती.

“हं,” हे म्हणाले. मग माझ्याकडे बोट दाखवलं. “आई सुपरवायझर.”

लेकीनं कागदावर सही केली. मग त्याच्याकडे वळून म्हणाली, “सॉरी रे.” तो सीटचं कव्हर घेऊन जायला निघाला तेव्हा मला त्याची दया आली आणि मी त्याला पुन्हा चहा दिला, साखर घालून.

मंगळवारपर्यंत थांबायला मला काही वेड लागलं नव्हतं. रविवारची तीन गिऱ्हाइकं यायची होती. दुकानावर ‘आज बंद’ लावलं, लेकीला म्हटलं जेवण झाकून ठेवलंय, आणि मागे बसले.

गल्लीचं वळण येईपर्यंत हे गप्प. वळण गेलं. अजून गप्प. म्हटलं, गाडी सुटली पण माणूस तसाच आखडून राहिला की काय? मोठ्या चौकाजवळ आलो तर समोर आमचा हवालदार. आम्हाला बघितलं, आणि कसलाच गुन्हा नसताना भर चौकात हात सरळ वर केला. यांनी मूठ सोडली, ब्रेक लावला, गाडी त्याच्यापुढे मुकाट उभी राहिली. माझं लक्ष गाडीकडे नव्हतंच. शर्ट कमरेत जिथल्या तिथं होता. तसूभर हलला नव्हता.

“मावशी, बघा!” हवालदार ओरडला, आणि दुसरा हातही वर केला. चारही बाजूंची वाहतूक थांबली. कुणी हसलं नाही. मग त्यानं ऐटीत आम्हाला जायची खूण केली.

चौक मागे पडला आणि पुढून आवाज आला, “तो पुतळा बरा होता. तुझ्यापेक्षा हलका.”

“काय म्हणालात?”

“पुतळा गं. निमूट बसला. ‘सावकाश, सावकाश’ म्हणून पाठीत बोट नाही खुपसलं.” आणि जे सुरू झाले! सोळा मंगळवार साठले होते. डॉक्टरच्या दवाखान्यातल्या घड्याळाचे काटे उलटे कसे लावलेत, टीव्हीवरच्या त्या बातम्या वाचणारीचा गळा कसा बसलाय, वैद्य मनातून किती घाबरला होता, कांदे चिरले त्या दिवशी मी किती वाईट दिसत होते. मी मागून ‘हं’ म्हणत होते. तळं दिसायला लागलं तसा आवाज जरा खाली आला.

“हात वर जायचा नाही तेव्हा तू माझी बटणं लावायचीस,” म्हणाले. “रोज. तेव्हा मला एक म्हणायचं होतं. तू समोर उभी असायचीस ना, म्हणून...”

आणि बांध आला. हे सवयीनं गाडी कडेला घ्यायला लागले. आता इंजिन बंद होणार, आणि ते जे काही आहे ते तिथंच राहणार, पुढच्या मंगळवारपर्यंत, किंवा कायमचं.

मी पाठीत बोट खुपसलं. “थांबू नका. इथूनच वळवा.”

“इथं? अगं, रस्ता अरुंद आहे. हँडल पार टोकाला न्यावं लागेल.”

“न्या टोकाला. काही होत नाही.”

त्यांनी हँडल टोकापर्यंत वळवलं. गाडी त्या अरुंद रस्त्यात गोल फिरली, आवाज जराही चढला नाही, मूठही कुठे अडली नाही. पाणी डावीकडचं उजवीकडे आलं. परत घराकडे लागलो.

“तर काय म्हणत होतो,” ते म्हणाले. “मला लाज नाही वाटायची. बटणं लावून घ्यायची. बरं वाटायचं. हात बरा झाल्यावर तू लावणं बंद केलंस, तेव्हा जरा वाईट वाटलं.”

मी जरा पुढे सरकले. दोन्ही हातांनी त्यांचा शर्ट मागून घट्ट धरला आणि म्हटलं, “समोर बघून चालवा.”